पेले-गोळ्यांपासून सुरुवात कर

जादू शिकायची म्हणून मोबाइलवर पत्त्यांचे प्रकार बघत बसू नको, भाऊ. तीन पेले आणि चार गोळ्या घे, गोळी एका पेल्याखालून गायब करून दुसऱ्याखाली काढायचा खेळ शिक. लोकांना तीनच दिसतात, सगळा खेळ लपलेल्या चौथीवर. पेले एकात एक बसणारे, पण मधे गोळी मावेल एवढी फट राहणारे हवेत. गोळ्या लोकरीच्या, बोराएवढ्या. कंचे नकोच, ते स्टीलवर टण्‌कन वाजतात आणि मे महिन्यात घामेजल्या हातातून सटकतात.

लपवायची गोळी मधल्या दोन बोटांच्या मुळाशी धर, बोटं सहज वळलेली. नवे पोट्टे अंगठा ताठ काढतात अन् तिथंच पकडले जातात. दुसरी चूक नजरेची. गोळी ज्या हातात गेली असं दाखवलं, त्याच हाताकडे तूही बघ.

जुने मदारी जमिनीवर बसून, झोळी मांडीशी घेऊन खेळ करत. त्यांची बोलण्याची लय ऐकून उचल, ती व्हिडिओतून हातात येत नाही. मोबाइलचा खरा उपयोग तपासणीला. आरशासमोर नेमक्या लपवायच्या क्षणी आपलेच डोळे मिटतात, कॅमेऱ्यात ते दिसतं. कॅमेरा समोर, मग दोन्ही बाजूंना ठेव, उंची खाली बसलेल्या पोराच्या डोळ्याएवढी. यात्रेत पोरं पुढंच बसतात.

अंगात शक्ती आहे, असं गावात चुकूनही सांगू नको. चमत्काराच्या नावानं लोकांना फसवून पैसे घेणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. 'ही हातचलाखी आहे' हे खेळाआधीच सांग.