दुधाचे खाडे आणि वाया गेलेलं वर्ष

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा. या दिवसांत माझ्या धुळ्याच्या समुपदेशनाच्या खोलीत एकच वाक्य निरनिराळ्या तोंडांनी येतं, "मॅडम, हे वर्ष वायाच गेलं बघा." सोबत बहुतेकदा मोबाइल पुढे होतो. कुणाच्या तरी स्टेटसला बारा महिन्यांचे बारा हसरे फोटो, वर गाणं लावलेलं. लोकांचं वर्ष असं गेलं, मग माझंच असं का?

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

वय ४३. घरी चार एकर कापूस, स्वतः ब्लाउज शिवतात. माहेर शिरपूरकडे. खुर्चीच्या अगदी कडेला टेकून म्हणाल्या, "यंदानं साल वाया गयं मॅडम. मन्ही माय गई." मग माझ्यासाठी मराठीवर आल्या. आई नोव्हेंबरात गेली. ऐन वेचणीत पाऊस झाला, बोंडं झाडावरच सडली. पोरगा पोलीस भरतीचं मैदान मारून लेखीत राहिला. हे सगळं एका दमात सांगून झालं. मग बराच वेळ गप्प. आणि मग, मान खाली घालून, "आई आजारी होती तेव्हा मी गेलेच नाही. मशीनवर बसून राहिले. पैशापायी."

झोप कशी आहे, जेवण जातं का, जगणं नको असं मनात येतं का, हे मी आधी सरळ विचारून घेते. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसलं काही भरत नाही, उलट माणूस सुटतो. ताईंची झोप तुटत होती, पण कामं चालू होती, जेवण जात होतं. उत्तर वेगळं आलं असतं तर पुढची गोष्ट बाजूला ठेवून मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. (रात्री-अपरात्री कुणाला गरज पडलीच तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.)

त्यानंतर मी एक चूक केली. वहीत दोन रकाने पाडून आणायला सांगितलं, एकात वर्षातलं चांगलं, दुसऱ्यात वाईट. पुढच्या खेपेला वही आली. वाईटात सतरा गोष्टी. चांगल्यात एक, "गॅसची टाकी वेळेवर भेटली."

आम्ही दोघी हसलो, पण मला माझी चूक कळली. मन दुखावलेलं असलं की आठवणीही त्याच रंगाच्या वर येतात. त्याच मनाला "आता चांगलं आठव" म्हणणं म्हणजे आटलेल्या विहिरीत पुन्हा पुन्हा बादली सोडणं.

दुसरी गोष्ट शेवटाची. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी सहकाऱ्यांसोबत १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, शिवाय आणखी ३० सेकंद, पण त्या तीस सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलेलं. पुन्हा करायचं तर कोणतं, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारं! कारण शेवट जरा सुसह्य होता. किती वेळ सोसलं हे मन फारसं मोजत नाही. कळ कुठे जास्त लागली आणि शेवट कसा झाला, हे धरून ठेवतं. ताईंच्या बाबतीत सर्वांत मोठी कळही नोव्हेंबरात आणि वर्षाचा शेवटही तिथेच. मागचे दहा महिने त्याखाली गाडले गेले होते.

म्हणून तिसऱ्या खेपेला सांगितलं, आठवू नका काहीच. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढून घेऊन या.

कापडी पिशवीतून गुंडाळी निघाली, रबरबँड लावलेली. मार्चच्या पानावर फोडणीचा तेलकट डाग. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षर. दुधाचं माप, दूध घेतलं नाही त्या दिवशी फुली, टाकी लावल्याची तारीख, "ब्ला. ३", "ब्ला. ५", भिशी.

एप्रिलअखेर ओळीने पाच फुल्या होत्या. "इथं दूध का बंद?" त्यांनी पान जवळ ओढलं. "आखाजी ना ती." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेल्या होत्या. बोलता बोलता हात हलू लागले. आईने त्या वयातही खापरावर मांडे टाकले होते, हातावर फिरवून फिरवून ताटाएवढा मोठा केलेला मांडा, आणि सुनेला जवळ येऊ देत नव्हती. सोबत आमरस. संध्याकाळी निंबाच्या झोक्यावर आईला बळेच बसवलं तर ती ओरडत होती, "पडसू मी!" हे सगळं वहीतल्या चांगल्याच्या रकान्यात कुठेच नव्हतं.

मग जुलै. रविवारच्या चौकोनात "एसटी १२०". पुढच्या रविवारीही तेच. बायकांना अर्धं तिकीट लागतं, तेव्हा हा जाण्यायेण्याचा खर्च. मी काही बोलले नाही, पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्यांनीच मोजलं, जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत अकरा. गेलेच नाही म्हणणारी बाई अकरा वेळा दोन-दोन गाड्या बदलून गेली होती, आणि सोमवारच्या चौकोनात पुन्हा "ब्ला. ४".

त्या रडल्या. पण कॅलेंडर दाखवलं आणि अपराधीपण गेलं, असं झालं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "शेवटच्या दोन दिवसांत नव्हते ना पण." खरंच नव्हत्या. शेवटच्या शनिवारी लग्नाच्या ऑर्डरी होत्या. ते मी खोडून काढायला गेले नाही. "गेलेच नाही" हे ओझं वेगळं आणि "दोन दिवस नव्हते" हे वेगळं. पुढच्या चार भेटी आम्ही त्या दोन दिवसांवरच बोललो.

एक आणखी म्हणाले त्यांना. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल आखाजीला फिरतं, व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला बदलते, पोरांचं वर्ष जूनमध्ये उजाडतं. मग तुमचा हिशेब ३१ डिसेंबरलाच का बंद करायचा? त्यावर त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. मला वाटलं, वाक्य वाया गेलं.

फेब्रुवारीत शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा नवं कॅलेंडर सोबत होतं. मी मागितलं नव्हतं. जानेवारीत दूध, ब्लाउज, पोराच्या क्लासची फी. त्यांनी पानं उलटून आखाजीचा चौकोन दाखवला. तिथे आधीच पाच फुल्या मारून ठेवल्या होत्या, आणि खाली लिहिलं होतं, "माहेर. मायनी पहिली घागर." आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, ती.

"मांडे कोण टाकणार मग?" मी विचारलं.

"वहिनी म्हणते तू टाक. मला कुठे येतात?" असं म्हणून त्यांनी कॅलेंडर पुन्हा गुंडाळलं आणि रबरबँड शोधू लागल्या.