धातूचा थर काही अणूंइतकाच जाड ठेवला तर त्यातले इलेक्ट्रॉन वेगळे वागतात का?

हो, आणि फरक चक्क मोजता येतो. एका बाजूला निर्वात पोकळी, दुसऱ्या बाजूला अर्धवाहक, त्यामुळे जाडीच्या दिशेने इलेक्ट्रॉन कोंडला जातो. सतारीच्या तारेसारखं, इलेक्ट्रॉनच्या त्या जाडीत नेमक्या बसणाऱ्या लाटाच टिकतात, आणि प्रत्येक लाटेची ऊर्जेची पातळी ठरलेली असते. आडवा मात्र तो मोकळाच फिरतो.

सिलिकॉनवर चढवलेलं शिसं घ्या. अणूंचा एक थर सुमारे ०.२८६ नॅनोमीटरचा आणि फर्मी पातळीवरच्या, म्हणजे भरलेल्या पातळ्यांपैकी सर्वांत वरच्या, इलेक्ट्रॉनची अर्धी तरंगलांबी जवळपास ०.२. म्हणजे दोन थर वाढले की साधारण तीन अर्ध्या लाटा जास्त मावतात; एकच थर वाढला तर हिशेब अर्धवट राहतो. त्यामुळे गंमत अशी होते, की सम थरांची फिल्म छान स्थिर राहिली तर विषम थरांची कुरकुरते. हिशेब अगदी तंतोतंत जुळत नसल्याने काही थरांनंतर सम-विषमची ही पाळी उलटते. जाड शिसं ७.२ केल्विनखाली अतिवाहक होतं, म्हणजे विजेला त्याचा रोध शून्य होतो; पातळ फिल्ममध्ये हे तापमानही थरागणिक वरखाली होतं, हे बीजिंगमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं.

सोन्याच्या वर्खात हे दिसेल का? नाही. तो शेकडो अणूंइतका जाड असतो, आणि तिथे ऊर्जेच्या पातळ्या इतक्या दाटीने बसतात की वेगळ्या काढताच येत नाहीत.