एबीए म्हणजे काय, आणि पहिल्या भेटीत लेकराचं नेमकं काय बघतात?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा साडेतीन वर्षांचा, बोलत नाही, मनासारखं झालं नाही की डोकं जमिनीवर आपटतो. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला आणि एबीए करा म्हणाले. तुम्ही वणीकडच्या खेड्यात राहता, शेती सोडून दर आठवड्याला नागपूर गाठणं जमणार नाही. तर पहिल्या भेटीत काय करतात आणि घरी काही होऊ शकतं का?

मी विशेष शिक्षिका आहे. यवतमाळ जिल्ह्यातच गावोगाव जाऊन हे काम करते. आधी एक सांगून टाकते: पहिल्या दोन-तीन भेटींत चांगला माणूस तुमच्या मुलाला काहीही शिकवत नाही. तो विचारतो, बघतो आणि मोजतो. पहिल्या अर्ध्या तासातच कोणी ‘सहा महिन्यांत बोलायला लावतो, पॅकेज एवढं’ म्हणालं, तर चहा प्या आणि परत या.

एबीएला पुस्तकात उपयोजित वर्तन विश्लेषण म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. कुठल्याही वागण्याच्या आधी काहीतरी घडलेलं असतं, आणि त्या वागण्यानंतर काहीतरी मिळतं नाहीतर टळतं. जे मिळालं किंवा टळलं त्यावर ते वागणं उद्या वाढणार की कमी होणार हे ठरतं. १९६८ साली बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तीन अमेरिकी संशोधकांनी या कामाची चौकट मांडली. त्यातली पहिलीच अट मला फार आवडते: जे बदलायचं ते त्या माणसाच्या जगण्यात खरोखर महत्त्वाचं असावं. पोरगं आनंदात हात फडफडवत असेल तर फडफडवू द्या. त्याला पाणी मागता येत नाही, हे महत्त्वाचं.

आता मुद्द्याचं. मी पहिल्यांदा घरी जाते तेव्हा आई-वडील म्हणतात, ‘मॅडम, लय चिडते तो.’ हे मी वहीत लिहीत नाही. चिडणं मोजता येत नाही. कपाळ जमिनीला किंवा भिंतीला लागलं की एक, असं ठरवलं तर तुम्ही, आजी आणि मी, तिघं वेगवेगळे बसून मोजलं तरी आकडा जवळपास सारखा येतो. मग आधी किती वेळा होतं ते काही दिवस नुसतं मोजायचं, काहीही न बदलता. हा आकडा नसला तर तीन महिन्यांनी ‘थोडा फरक वाटतो’ यापलीकडे कोणी काही सांगू शकत नाही.

एका घरचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. चार वर्षांचा मुलगा, दुपारी लाइट गेली की आकांत करायचा. घरच्यांचं म्हणणं, त्याला फिरता पंखा बघायला आवडतो, पंखा थांबला की बिथरतो. मलाही पटलं होतं. तरी त्याच्या आईला वहीत तीन रकाने आखून दिले: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर तुम्ही काय केलं. दहा दिवसांनी वही बघितली. आबाजी वावरात असले की लाइट जाऊनही रडणं तीन-चार मिनिटांत आटपायचं, मग तो ताटली फिरवत बसायचा. आबाजी घरी असले की मात्र रडणं थांबतच नसे, ते थेट मोटरसायकलला किक बसेपर्यंत. दोनदा तर लाइट असतानाच आबाजींच्या चपला वाजल्या आणि सुरू झालं. म्हणजे पंख्याचा संबंध सुरुवातीला कधीतरी असेल, पुढे सगळा खेळ गाडीवरच्या चकरेचा होता. मी हे सांगितलं तेव्हा आबाजी हसून म्हणाले, ‘म्हंजे याले गाडीवर चक्कर पायजे, अन् आमी समजू रायलो का याच्या अंगात आलं!’

मग आम्ही त्याला गाडीची किल्ली आणून आबाजींच्या हातात द्यायला शिकवलं. सुरुवातीला किल्ली दिली की लगेच चक्कर, अगदी अंगणापुरती का होईना. रडून जे मिळत होतं तेच मागून मिळायला लागलं, तेव्हा रडण्याची गरज उरली नाही. ‘आता नाही, जेवण झाल्यावर’ हे बरंच नंतर शिकवलं.

वागण्यामागची कारणं साधारण चार घरांत बसतात: कोणाचं तरी लक्ष हवं, एखादी वस्तू किंवा गोष्ट हवी, नको असलेलं काम टाळायचं, किंवा त्या हालचालीतच शरीराला काहीतरी मिळतं. ‘दुर्लक्ष करा, आपोआप सुटेल’ हा सल्ला तुम्हाला आतापर्यंत दहा जणांनी दिला असेल. तुमचा मुलगा जेवायला बसवल्यावर डोकं आपटत असेल आणि तुम्ही दुर्लक्ष करून उठून गेलात, तर त्याला हवं तेच मिळालं, ताट टळलं. शिवाय जे आतापर्यंत मिळत होतं ते अचानक बंद केलं की वागणं कमी व्हायच्या आधी काही काळ वाढू शकतं. डोकं आपटणाऱ्या लेकरावर असला प्रयोग स्वतःच्या मनानं करू नका. सध्या डोक्याखाली हात किंवा गोधडी सरकवा, जास्त बोलू नका, आणि झालेलं लिहून ठेवा. मार जोरात लागला, उलटी झाली किंवा लेकरू सुस्तावलं तर वही बाजूला ठेवून सरळ दवाखाना.

याच्याही आधीचं एक काम आहे आणि ते माझं नाही, डॉक्टरांचं आहे. कान, दात, पोट, झोप आणि फिट यांची तपासणी. ज्याला बोलता येत नाही त्याचा कान दुखला तर तो काय करेल? ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या.

आवडीनिवडी मी आई-वडिलांच्या सांगण्यावर सोडत नाही. सतरंजीवर दोन-दोन वस्तू समोर ठेवायच्या, तो कशाकडे हात करतो ते टिपायचं, जोड्या बदलत राहायच्या. एका घरी आई छातीठोक सांगत होती की याला मुरमुरे जीव की प्राण. पोरानं वाटी उचलली खरी, पण एकही दाणा तोंडात घातला नाही. या वाटीतून त्या वाटीत ओतत बसला. त्याला ते खायचे नव्हते, ओतायचे होते. हे कळलं नसतं तर मी महिनाभर मुरमुरे भरवत बसले असते आणि वर म्हटलं असतं की मूल सहकार्य करत नाही.

माझी स्वतःची चूकही सांगते. नवीन होते तेव्हा पहिल्याच भेटीत एका मुलीला ‘माझ्याकडे बघ’ म्हणून वीस मिनिटं पिडलं. पुढच्या वेळी माझी स्कूटी वाजताच ती कोठीमागे जाऊन बसली. पुढचे चार आठवडे मी नुसती अंगणात बसून तिच्यासोबत पाण्याचे मग भरत होते. आता मूल माझ्याजवळ आपण होऊन येत नाही तोवर मी त्याला एकही सूचना देत नाही.

भाषेकडेही लक्ष द्या. आपल्याकडे कितीतरी घरांत गोरमाटी, गोंडी, कोलामी बोलतात, नाहीतर पक्की वऱ्हाडी. तपासणारा पुस्तकी मराठीत ‘चेंडू आण’ म्हणतो, लेकरू बघत राहतं, आणि कागदावर जातं ‘सूचना समजत नाही’. घरात जे शब्द आहेत ते आधीच सांगा, आणि आजीलाच विचारायला लावा.

कागदांचा गोंधळ नेहमी होतो म्हणून सांगते. सरकारी दवाखान्यात ‘इसा’ नावाची ४० प्रश्नांची भारतीय चाचणी लावतात. त्यात ७० च्या खाली गुण असले तर ऑटिझम धरत नाहीत. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तिचा उपयोग होतो. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, तेव्हा प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्याच. पण उद्या काय शिकवायचं ते त्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी व्हीबी-मॅप सारखी चाचणी असते. मागणं, वस्तूचं नाव सांगणं, नक्कल करणं, खेळणं यांत मूल कुठवर आलंय ते चार वर्षांपर्यंतच्या टप्प्यांशी ताडून बघतात.

आठवड्याला ४० तास लागतात, हेही ऐकाल. तो आकडा लोव्हास या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाच्या १९८७ च्या अभ्यासातून आला. एवढे तास शिकवलेल्या गटात १९ मुलं होती, त्यातली ९ सर्वसाधारण बुद्ध्यांकापर्यंत आणि साध्या पहिलीच्या वर्गापर्यंत पोचली असं त्यांनी मांडलं. पण मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि त्या काळी त्या पद्धतीत चापटसुद्धा बसायची. मोठी झालेली अनेक ऑटिस्टिक माणसं आज त्या जुन्या एबीएबद्दल रागानं बोलतात, आणि मला त्यांचं बरंच पटतं. तेव्हा ४० तासांसाठी वावर गहाण टाकू नका. आणि जिथं आई-वडिलांना आत बसू देत नाहीत तिथं मुलाला सोडू नका.

माणूस कसा निवडायचा? एबीए करणाऱ्यांना अमेरिकेचं मंडळ देतं ते बीसीबीए प्रमाणपत्र २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांना नव्यानं मिळत नाही. त्यामुळे ते नाही म्हणून कोणी कमी ठरत नाही, आणि भिंतीवर इंग्रजी सर्टिफिकेट आहे म्हणून मोठंही ठरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का विचारा आणि नंबर मागा. नागपूरच्या आधी यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येणारं आरबीएसकेचं, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथलं पत्र देऊ शकतं. माझ्या मते तुमच्यासाठी महिन्यातून एक-दोन भेटी आणि मधे फोनवर व्हिडिओ दाखवणं, एवढ्यावर बरंच काम उभं राहू शकतं, कारण रोज शिकवणारे शेवटी तुम्हीच आहात.

आजपासून एक शंभरपानी वही करा. आधी, वागणं, नंतर, असे तीन रकाने, आणि बाजूला वेळ. दिवसभर लिहायची गरज नाही, वेचणीच्या दिवसांत ते होणारही नाही. सगळ्यात जास्त त्रास होतो तो एक तास धरा, दहा-पंधरा दिवस. वहिनींना लिहिणं जमत नसेल तर फोनवर बोलून रेकॉर्ड करू द्या. घरात तेव्हा कोण कोण होतं ते प्रत्येक वेळी लिहा, आणि लाइट होती की गेली होती, तेही.