नॅनोरोबॉट, रेणुयंत्र की अणुयंत्रमानव?

प्रश्न: ‘मोलेक्युलर मॅन्युफॅक्चरिंग’साठी मराठी लेखांत ‘आण्विक उत्पादन’ असे वाचले. नॅनोरोबॉटसाठी, म्हणजे मीटरच्या अब्जांशांत (नॅनोमीटरमध्ये) मोजायच्या यंत्रासाठी, मात्र कुठे ‘सूक्ष्म यंत्रमानव’, कुठे ‘अणुयंत्रमानव’, तर कुठे ‘रेणुयंत्र’ असे शब्द दिसले. यांतला योग्य कोणता?

उत्तर: मोलेक्युलर मॅन्युफॅक्चरिंग म्हणजे एकेक रेणू जोडून वस्तू घडवणे. त्यासाठीचा ‘आण्विक उत्पादन’ हा शब्द आधी बाजूला काढू, कारण त्याने अर्थच बदलतो. हिंदीत मोलेक्यूलला ‘अणु’ आणि ॲटमला ‘परमाणु’ म्हणतात. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मोलेक्यूल म्हणजे रेणू. हिंदी मजकूर समोर ठेवून भाषांतर केले की हा घोळ होतोच. ‘आण्विक’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे तारापूरची अणुभट्टी येते आणि इथे तर अणुगर्भाला कोणी हातही लावत नाही. ‘रेणवीय’ हे विशेषण ‘रेणवीय जीवविज्ञान’मुळे रुळलेले आहे, तेव्हा ‘रेणवीय उत्पादन’ म्हणावे. लिहिताना सुटा शब्द ‘रेणू’ दीर्घ, समासात पहिले पद झाल्यावर ऱ्हस्व: रेणुयंत्र, रेणुसूत्र. ‘अणू’ आणि ‘अणुभट्टी’ यांचेही तसेच.

आता रोबॉट. ‘यंत्रमानव’ शब्द हातपाय असलेल्या यंत्रासाठी छान आहे, पण नॅनोरोबॉट म्हणून दाखवले जाते ते बहुधा डीएनएच्या धाग्यांची घडी घालून केलेले नळकांडे. ४५ नॅनोमीटर लांबीच्या त्या नळकांड्यात मानव शोधायचा कुठे? मूळ चेक ‘रोबोटा’ शब्दातही माणूस नाही. त्याचा अर्थ सक्तीची मजुरी, आपली वेठ. ‘अणुयंत्रमानव’मध्ये दोन चुका एकत्र आल्या आहेत: वस्तू अणूची नाही आणि मानवही नाही. ‘सूक्ष्म’चा प्रश्न वेगळा आहे. विज्ञानाच्या मराठीत ‘सूक्ष्म’ मायक्रोच्या जागी बसलेला आहे. तांबडी रक्तपेशी ७-८ मायक्रोमीटर रुंद असते. चुंबकीय क्षेत्राने फिरवून पाण्यात पुढे ढकलली जाणारी मळसूत्री यंत्रे बहुधा काही मायक्रोमीटर लांब असतात. त्यांना ‘सूक्ष्मरोबॉट’ खुशाल म्हणा. डीएनएची रचना त्यांच्या शंभरपट लहान. तिला ‘नॅनो’च हवा. ‘अब्जांश’ हा नॅनोचा अगदी काटेकोर प्रतिशब्द आहे आणि ‘अब्जांश तंत्रज्ञान’ मराठी विश्वकोशानेही स्वीकारला आहे. मोजमापाच्या लेखनात मी तोच वापरेन. पण नॅनो युरियाची बाटली घेणाऱ्या शेतकऱ्यालाही ‘नॅनो’ ठाऊक आहे, म्हणून ‘नॅनोरोबॉट’ बदलण्याचा अट्टहास नको.

खरी अडचण पुढची आहे. बातम्यांतल्या ‘नॅनोरोबॉट’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या वस्तू दडलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करायला मराठीतली दोन क्रियापदे फार उपयोगी पडतात: जोडणे आणि जुळणे. जोडायला जोडणारा लागतो. जुळणे आपोआप घडते.

अमेरिकी अभियंते एरिक ड्रेक्सलर यांनी १९८० च्या दशकात मांडलेले रेणवीय उत्पादन ही ‘जोडणी’ आहे: यांत्रिक बाहू एकेक रेणू नेमक्या जागी नेऊन तिथे रासायनिक बंध घडवणार. हे काम करणाऱ्या त्यांच्या ‘असेंब्लर’ या यंत्राला मी ‘रेणुजोडक’ म्हणेन. कोणतीही वस्तू घडवू शकेल असा रेणुजोडक आजवर कोणी बनवलेला नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल लिहिताना क्रियापद भविष्यकाळीच ठेवावे. एकेक अणू हलवता येतो हे खरे. १९८९ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी झेनॉनचे ३५ अणू निकेलवर मांडून कंपनीचे नाव लिहिले, पण उणे २६९ अंश सेल्सिअसला आणि निर्वातात. वेगाचे गणित तर त्याहून कठीण आहे. एक ग्रॅम कार्बनमध्ये सुमारे ५ × १०^२२ अणू असतात. एका बाहूच्या टोकाने सेकंदाला दहा लाख अणू बसवले तरी तो एक ग्रॅम पुरा व्हायला सुमारे १६० कोटी वर्षे लागतील. म्हणून या कल्पनेला एकाच वेळी काम करणारे अब्जावधी बाहू लागतात. रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड स्मॉली यांनी २००१ मध्ये घेतलेला आक्षेप याहून मूलभूत होता: अणू धरणारी बोटे स्वतःच अणूंची, म्हणून जाड, आणि धरलेला अणू सुटेल याची खात्री नाही, म्हणून चिकट.

दुसरी वस्तू रेणुयंत्र, म्हणजे ऊर्जा मिळाली की ठरावीक हालचाल करणारा रेणू. २०१६ चे रसायनशास्त्राचे नोबेल सोव्हाज, स्टॉडर्ट आणि फेरिंगा यांना याच कामासाठी मिळाले. फेरिंगांच्या १९९९ च्या रेणूच्या मोटरचा एक फेरा चार टप्प्यांत होतो: दोन प्रकाशाने, दोन उष्णतेने. तिला दिशा आहे, पण आज्ञा समजत नाही. तिला रोबॉट म्हणू नये.

तिसरी डीएनए ओरिगामी, म्हणजे डीएनएच्या लांब धाग्याला घड्या घालून केलेला आकार, आणि बातम्यांत सर्वाधिक दिसते ती हीच. इथे ‘जुळणी’ आहे, म्हणून सेल्फ-असेंब्लीला, म्हणजे भाग आपोआप एकत्र येण्याला, ‘स्वयंजुळणी’ हा शब्द चपखल बसतो. ही पद्धत मांडणारे संशोधक पॉल रॉथेमुंड यांच्या २००६ च्या कृतीत एम१३ विषाणूचा ७,२४९ अक्षरांचा एकपदरी डीएनए घेतात. त्या लांब धाग्याला ठरल्या जागी टाके घालणारे डीएनएचे दोनशेच्या वर आखूड धागे त्यात कितीतरी जास्त प्रमाणात मिसळतात. मग सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवून हळूहळू खोलीच्या तापमानाला आणतात. द्रावणात मॅग्नेशियम १० ते २० मिलिमोलर (मिलिमोलर हे द्रावणातल्या प्रमाणाचे एकक) लागते. ते कमी पडले की डीएनएवरचे ऋणभार एकमेकांना ढकलतात आणि घडी उसवते. फार भरभर थंड केले तर काही टाके चुकीच्या जागी बसून अर्धवट घड्या उरतात. रक्तात नेमकी हीच पंचाईत होते: तिथे मॅग्नेशियम साधारण एक मिलिमोलर, शिवाय डीएनए तोडणारी विकरे (एन्झाइम) हजर. त्यावर उपाय म्हणून रचनेला लायसीन या अमिनो आम्लाची छोटी साखळी आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे बहुवारिक (पॉलिमर) यांचे आवरण चढवतात.

या रचनांना रोबॉट म्हणायला थोडा आधार आहे. २०१२ मध्ये डग्लस, बाशेले आणि चर्च या संशोधकांनी केलेल्या डीएनएच्या नळकांड्याला दोन कुलपे होती. दोन्हींना आपापला रेणू पेशीवर सापडला तरच ते उघडे. अट तपासून कृती करणे हा रोबॉटचा किमान गुण त्यात आहे. ‘नॅनोरोबॉट’ इथे वापरा, पण सोबत ‘डीएनएचा’ हे विशेषण द्या.

‘पोहतो’, ‘शोधत जातो’, ‘हल्ला करतो’ ही क्रियापदे मात्र टाळा. या आकाराला पाण्याचे रेणू सतत धक्के देत असतात. वस्तू वाहत जाते आणि लक्ष्याला योगायोगाने आपटली तर चिकटते. ‘वाहून पोहोचतो’, ‘चिकटतो’, ‘उघडतो’ एवढेच खरे. ‘कर्करोगाचा खात्मा करणारे अणुयंत्रमानव’ अशा मथळ्यामागे २०१८ चा जो प्रयोग असतो, त्याचे मराठी असे व्हायला हवे: ‘उंदरांमध्ये डीएनएच्या नळीने ट्यूमरच्या रक्तवाहिन्यांत थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे विकर उघडे केले, तिथे गुठळी झाली आणि ट्यूमरचा रक्तपुरवठा तुटला.’