स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबशी करार 2022 मध्ये झाला, तरी ब्राझीलचा फुटबॉलपटू एन्ड्रिक तिथे 2024 मध्येच का गेला?

एन्ड्रिक तोवर 18 वर्षांचा झाला नव्हता, आणि जागतिक फुटबॉल महासंघ फिफाच्या हस्तांतरण (क्लब बदलण्याच्या) नियमावलीतील 19 व्या कलमानुसार 18 वर्षांखालील खेळाडूला सहसा परदेशी क्लबकडे जाता येत नाही. त्याचा जन्म 21 जुलै 2006 चा. त्यामुळे डिसेंबर 2022 मध्ये करार जाहीर होऊनही तो ब्राझीलच्या पाल्मेरास क्लबकडूनच खेळत राहिला आणि जुलै 2024 मध्ये माद्रिदला पोहोचला. कोवळ्या मुलांना घरापासून दूर नेऊन वाऱ्यावर सोडले जाऊ नये, हा या कलमामागचा हेतू मला अत्यंत योग्य वाटतो. शिवाय हा काळ वाया गेला नाही: 2023 चे ब्राझीलचे लीग विजेतेपद त्याने पाल्मेराससोबत मिळवले, आणि मार्च 2024 मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाकडून खेळताना, सहकारी विनिसियसचा फटका गोलरक्षकाने अडवल्यावर सुटलेला चेंडू जाळ्यात ढकलून, वयाच्या 17 व्या वर्षी इंग्लंडविरुद्ध सामन्यातील एकमेव गोल केला. मात्र नियमाला अपवाद आहेत: आईवडिलांनी फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने देश बदलला असेल, किंवा हस्तांतरण युरोपीय संघाच्या अंतर्गत असून खेळाडूने 16 वर्षे पूर्ण केली असतील, तर परवानगी मिळू शकते.