वेदपाठशाळेत नव्या मुलांची संथा (गुरुजींनी म्हणून दिलेला पाठ) घोटून घेण्याचं काम मिळालंय, कसं करावं?

प्रश्न नाशिकच्या शुक्ल यजुर्वेद, माध्यंदिन शाखेच्या (वेदपठणाच्या एका परंपरेच्या) पाठशाळेतला आहे असं धरून सांगतो.

नवी संथा गुरुजींनीच द्यायची. तुम्ही फक्त दिलेली घोटून घ्या. मुलाला शंका आली आणि तुमचीही खात्री नसली, तर अंदाजाने सांगू नका, गुरुजींकडे न्या. चुकीचा स्वर एकदा पाठ झाला की तो मोडायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त दिवस जातात.

एका वेळी तीन-चार मंत्रच घ्या. आधी पद, मग अर्धा मंत्र, मग पूर्ण. तुम्ही एकदा म्हणा, त्याने दोनदा. शेवटी पोथी मिटवून एकेकट्याकडून म्हणवून घ्या, कारण समूहात चूक आवाजात दडते. डोळे मुलाच्या हातावर ठेवा, कारण या शाखेत स्वर हाताच्या हालचालीने दाखवतात. अनुदात्ताला (खालच्या स्वराला) हात खाली यायलाच हवा. तो उशिरा येत असेल तर मूल स्वर न समजता नुसती चाल उचलतंय.

उच्चारात हमखास फसतो तो 'ष'. पुरुषसूक्तात माध्यंदिन मुलगा 'पुरुखः' म्हणतो, पण मोबाईलवर ऋग्वेदी पाठ ऐकून आलेला 'पुरुषः' म्हणतो. त्याला रागावू नका, शाखाभेद समजावा.

अष्टमी, प्रतिपदेच्या अनध्यायाला (पाठाच्या सुट्टीला) मुलांशी नुसत्या गप्पा मारा. घरची आठवण बहुधा तेव्हाच बाहेर येते. जेवण टाकणं, रात्री रडणं, कुणी मारणं यातलं काही कळलं तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. त्याच दिवशी गुरुजींना सांगा.