वाचक विचारतात : कार्डांचं दुकान आणि भाड्याचं गणित

प्रश्न : नवऱ्याला बेसबॉल-बास्केटबॉल खेळाडूंची छापील कार्डं जमवायचा जुना नाद. तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, माझ्याकडे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावरचं ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, आहे. घराजवळच्या स्ट्रिप मॉलमध्ये महिना ३,००० डॉलर भाड्याने गाळा मिळतोय. डिस्ट्रिब्युटरकडून बॉक्स आणून विकले तर भाडं तरी सुटेल का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नुसत्या बॉक्सवर नाही सुटणार. हिशेबच मांडू. समजा, हॉबी बॉक्स (कार्डांच्या पाकिटांचा सीलबंद डबा) तुम्हाला २०० डॉलरला पडला आणि तुम्ही २३० ला विकला. त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स धरून गिऱ्हाईक २४५.२४ डॉलर मोजणार, तेही बहुधा क्रेडिट कार्डाने. क्रेडिट कार्ड कंपनीचे ३ टक्के कापले जातात ते या पूर्ण रकमेवर, म्हणजे टॅक्सच्या पैशांवरही. गेले ७.३६. हाती उरले २२.६४. या दराने फक्त भाडं भरायला महिन्याला १३३ बॉक्स विकायला हवेत. वीज, विमा, पगार अजून धरलेलेच नाहीत.

भाव वाढवायला जागा नसते, कारण गिऱ्हाईक तुमच्यासमोर उभं राहून फोनवर ऑनलाइन दर बघतं. आणि ज्या मालाला मागणी आहे तो नव्या दुकानाला हवा तेवढा मिळत नाही. डिस्ट्रिब्युटर कोटा ठरवतो तो मागच्या खरेदीवरून. चांगल्या मालाबरोबर न खपणारा मालही उचलावा लागतो, आणि तो फळीवर पडून राहतो.

कार्डं छापण्याच्या परवान्यांचं चित्रही बदललंय. फॅनॅटिक्सने जानेवारी २०२२ मध्ये टॉप्स ही कार्डं छापणारी कंपनी विकत घेतली. एनबीए या बास्केटबॉल लीगची अधिकृत कार्डं २००९-१० पासून पॅनिनी या दुसऱ्या कंपनीची होती, ती २०२५-२६ च्या मोसमापासून टॉप्सकडे आली. त्यामुळे पॅनिनीच्या खात्यावर वर्षानुवर्षं जमवलेल्या विश्वासाचा नव्या बास्केटबॉल मालासाठी उपयोग नाही. खातं उघडताना पुढच्या मोसमाचा कोणता माल किती मिळेल हे लेखी विचारा.

दुकान खरं चालतं ते सुट्या कार्डांच्या खरेदीवर. बाजारात १०० डॉलरला जाणारं कार्ड ६५ ला घेतलं आणि काउंटरवर ९५ ला विकलं, तर वरच्याच हिशेबाने साधारण २७ डॉलर सुटतात. म्हणजे गुंतवणूक बॉक्सच्या तिसऱ्या हिश्शाची आणि नफा त्याच्याहून जास्त. तेच कार्ड ईबेवर टाकलं तर सुमारे १३ टक्के फी आणि टपाल-पॅकिंगचे चार-पाच डॉलर जाऊन १७-१८ राहतात. म्हणून भांडवल सगळं बॉक्समध्ये घालू नका. निम्म्याच्या आसपास रोख खरेदीसाठी राखा. पेटी भरून चांगला माल समोर आला आणि गल्ल्यात पैसे नाहीत, तर तो माल पुढच्या दुकानात जातो.

व्हिसाबद्दल : ईएडीवर तुम्ही स्वतःचा धंदा करू शकता. नवऱ्याने पैसे गुंतवणं वेगळं. पण शनिवारी काउंटरवर उभं राहणं किंवा रात्री ऑनलाइन ऑर्डरी भरणं हे कामच, आणि एच-१बीवर ते चालत नाही, बिनपगारी असलं तरी. लीज तीन-पाच वर्षांची आणि ईएडीची मुदत त्याहून कमी, असं सहसा असतं. वैयक्तिक हमीवर सही करण्याआधी मुदतीपूर्वी बाहेर पडण्याचं कलम घालून घ्या आणि इमिग्रेशन वकिलाला कागद दाखवा.

प्रश्न : घरं रिकामी करणारी वयस्क मंडळी १९८८-९२ च्या कार्डांची खोकीच्या खोकी घेऊन येतात. प्रत्येकाला वाटतं, यात घर फिटेल. नाही म्हटलं की आम्ही लुबाडतोय असं वाटतं. काय सांगावं?
– एक वाचक, डॅलसजवळ, टेक्सस

उत्तर : साधारण १९८६ ते १९९३ हा काळ भरमसाट छपाईचा. माल जेवढा छापला तेवढाच लोकांनी जपून ठेवला, म्हणून आज तो दुर्मीळ नाही. हे तोंडी पटत नाही. त्यांच्याच समोर, त्यांच्याच सेटचे 'विकले गेलेले' दर स्क्रीनवर दाखवा. मागितलेले दर नव्हे, ते कोणीही काहीही लिहितो. मग दहा मिनिटं देऊन खोकं खरंच चाळा. अपर डेक कंपनीच्या १९८९ च्या सेटमधलं पहिल्या क्रमांकाचं केन ग्रिफी ज्युनियर, फ्लीअर कंपनीच्या १९८६-८७ च्या सेटमधलं ५७ क्रमांकाचं मायकल जॉर्डन अशी कार्डं अधूनमधून निघतात. निघालं की बाजूला काढून त्याचा भाव वेगळा सांगा. बाकीच्या ढिगाला एकगठ्ठा आकडा द्या किंवा सरळ घेऊ नका. पाच हजार साध्या कार्डांचं लांब खोकं भाड्याच्या जागेत वर्षभर पडलं तर ते फुकटातही महाग पडतं.

प्रश्न : खरेदीचा भाव नेमका कसा ठरवायचा? आणि नकली कसं ओळखायचं?
– एक वाचक, जर्सी सिटी

उत्तर : त्याच कार्डाच्या, त्याच ग्रेडच्या (कार्ड किती चांगल्या अवस्थेत आहे त्या दर्जाच्या) शेवटच्या पाच विक्री बघा. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडा. तारखा नीट वाचा : अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक जखमी झाला की मागच्या आठवड्याचा भाव रद्दी. ईबेवर 'बेस्ट ऑफर' स्वीकारलेल्या विक्रीत दिसतो तो मागितलेला भाव, झालेला सौदा त्याहून कमी असतो. तो आकडा धरून खरेदी केली की हात पोळलेच.

आठवड्यात खपेल अशा कार्डाला बाजारभावाच्या ६५ ते ७० टक्के, महिना-दोन महिने लागतील त्याला ५०, स्थानिक संघाबाहेरच्या मधल्या खेळाडूंना त्याहून कमी. हे दर दुकानात पाटीवर लिहून ठेवा. रोजची हुज्जत कमी होते.

टेबलावर दहापट भिंग, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणि त्या-त्या सेटची दोन-चार साधी, खरी कार्डं ठेवा. जॉर्डनचं फ्लीअर भिंगाखाली धरलं की खऱ्यात काळी अक्षरं आणि रेषा सलग शाईच्या दिसतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत त्याच ठिकाणी रंगीत ठिपके दिसतात. १९०९-११ च्या टी२०६ या बेसबॉल सेटसारखं जुनं कार्ड टॉर्चखाली पांढरंनिळं चमकलं तर विषय संपला. कागद उजळ दिसावा म्हणून घालतात ती रसायनं त्या काळी नव्हतीच. कडा कापून कोपरे टोकदार केलेत का, हे पाहायला अडीच बाय साडेतीन इंचांची पट्टी पुरत नाही. जुन्या कारखान्यांची कटाई मुळातच कमीजास्त. त्याच सेटच्या खऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यात घालून कडा पाहा. शंका राहिली तर घेऊ नका. 'स्वस्तात मिळालं' हा पुरावा नव्हे.

विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि कार्डांचे फोटो ठेवा, मोठी रक्कम चेकने द्या. काही गावांत जुन्या मालाच्या खरेदीला वेगळा परवाना लागतो आणि घेतलेला माल काही दिवस तसाच ठेवावा लागतो. टाउनशिप क्लार्ककडे विचारा. अल्पवयीन मुलाकडून पालक सोबत असल्याशिवाय काहीच घेऊ नका. दुसऱ्या दिवशी आई येऊन उभी राहते, आणि कायदाही तिच्याच बाजूने असतो.

प्रश्न : क्रोमची, म्हणजे चकचकीत थराची, कार्डं होडीसारखी वाकतात. वहीखाली दाबून ठेवली तरी पुन्हा तसंच.
– एक वाचक, शिकागो

उत्तर : समोरच्या चकचकीत थराला हवेतली ओल लागत नाही, मागचा कागद मात्र ती शोषतो आणि सोडतो. हिवाळ्यात हीटरने हवा सुकली की एका बाजूला, उन्हाळ्यात तळघर दमट झालं की दुसऱ्या बाजूला. दाबून उपयोग नाही, हवा सांभाळा. आर्द्रता ४० ते ५० टक्के, दुकानात एक आणि साठ्याच्या खोलीत एक मोजणी यंत्र. वाकलेलं कार्ड पातळ प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून आर्द्रता राखणाऱ्या पुडीसोबत बंद डब्यात आठवडाभर ठेवा. घाईने टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या आवरणात, कोंबलं तर कोपरा जातो. आणि टॉपलोडर जाडीप्रमाणे घ्या : साध्या कार्डाला ३५ पॉइंट, खेळाडूच्या जर्सीचा तुकडा बसवलेल्याला १३० पॉइंटपर्यंत. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

प्रश्न : गिऱ्हाइकांची कार्डं ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला, पाठवायची सेवा सुरू करावी का?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर : करावी, लोक त्या निमित्ताने दुकानात येतात. पण कागद पक्का हवा. समोर-मागून फोटो, गिऱ्हाइकाने स्वतः लिहिलेली किंमत, त्याची सही. ग्रेड चांगली येऊन कार्ड वरच्या दरपट्टीत गेलं तर जादा फी लागते, ती कोणाची हे आधीच लिहा. तारखेचं वचन कधीच देऊ नका : मार्च २०२१ मध्ये पीएसए या ग्रेडिंग कंपनीने गर्दीमुळे स्वस्त सेवाच थांबवल्या होत्या आणि तारखा देऊन बसलेल्या दुकानदारांना रोज फोन घ्यावे लागले. कार्ड सेमी-रिजिडमध्ये, म्हणजे थोड्या लवचीक प्लॅस्टिकच्या आवरणात, द्या, टॉपलोडरमध्ये नाही. तुमच्या ताब्यातल्या परक्या मालाला दुकानाचा साधा विमा लागू होतो असं गृहीत धरू नका.

प्रश्न : बॉक्स फोडून सुटी पाकिटं काउंटरवर ठेवली तर लहान मुलांना परवडतील. चालेल?
– एक वाचक, टोरांटो

उत्तर : काउंटरच्या आतल्या बाजूला. बाहेर ठेवलीत की मोठी माणसं पाकिटं चाचपून जाड कार्ड शोधतात, काही जण तर खिशात सोनाराचा छोटा काटा घेऊन येतात. मुलांच्या वाट्याला हलकी पाकिटंच उरतात. बॉक्समागे हमी दिलेलं खेळाडूच्या सहीचं कार्ड निघालं असेल तर उरलेल्या पाकिटांवर तसं लिहा आणि भाव उतरवा.

प्रश्न : ठाण्यात असं दुकान चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : स्वतंत्र गाळा घेऊन नको. आपल्याकडे क्रिकेट ॲटॅक्स या क्रिकेटपटूंच्या कार्डांची पाकिटं मुलांनी स्टेशनरीच्या दुकानातून घेतली ती खेळायला. ती पुन्हा विकत घेणारा बाजार उभा राहिला नाही, आणि तो नसेल तर वर सांगितलेला ६५ चे ९५ करणारा धंदाच नाही. चालू खेळण्यांच्या दुकानात एक काचेचं कपाट मागून घ्या आणि रविवारी मुलांना अदलाबदलीला बोलवा. सहा महिन्यांत तीच तीच दहा मुलं परत येतात का, ते बघा.